शून्य नवीन, शून्य चुका

त्या गुरुवारी सकाळी साडेसहाला मला रोजच्यासारखा मेसेज आला. ‘बॅकअप पूर्ण. चुका शून्य.’ मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिलेली, त्यातले शब्द माझे आणि वाचणारीही मीच. तरी चहा उकळत असताना तो वाचला की बरं वाटायचं.

मी मूळची वर्ध्याची. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन पुण्यात आले, हिंजवडीच्या एका कंपनीत बारा वर्षं सर्व्हर सांभाळले. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं, तेव्हा ती नोकरी सोडली. रोज तीन तास रस्त्यात घालवून आईकडे बघणं जमेना. तेव्हापासून मी पेठांमधल्या पाच-सहा दवाखान्यांचे कॉम्प्युटर बघते. त्यातला माझ्याकडे सगळ्यात आधी आलेला दवाखाना सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे साठी ओलांडलेल्या बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या फक्त पडद्याचे आजार बघतात, आणि पेशंट बहुतेक मधुमेहाचे. आलेल्या माणसाच्या डोळ्यांत आधी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायचे, मग पडद्याचा फोटो काढायचा आणि तो जुन्या फोटोशेजारी ठेवून बघायचा. सूज वाढली की उतरली, इंजेक्शन द्यायचं की थांबायचं, हे पुष्कळदा त्या दोन फोटोंवर ठरतं. फोटो काढायला एक काका आहेत. बावीस वर्षं ते त्याच अंधाऱ्या खोलीत बसतात आणि पेशंटना नावापेक्षा नंबराने जास्त ओळखतात. माझी आईसुद्धा तिथलीच पेशंट. तिच्या उजव्या डोळ्यात तेव्हा इंजेक्शनं चालू होती.

सव्वादहाला काकांचा फोन आला.

“ताई, फोटो उघडायला फार वेळ लागतोय. आणि सर्व्हरच्या कपाटातून आवाज येतोय.”

“कसला आवाज?”

“टक्‌ टक्‌. मधेच थांबतो. परत टक्‌ टक्‌.”

हा आवाज मला माहीत होता. डिस्क मरायला टेकली की तो येतो. मी काकांना सर्व्हर बंद करायला सांगितलं, आईच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि स्कूटर काढली. मला खरं तर भीती वाटत नव्हती. नवी डिस्क पिशवीत होती. बॅकअपवरून सगळं परत आणायला फार तर संध्याकाळ होईल, एवढाच माझा हिशेब.

दवाखान्यात बाहेर बाकांवर पंधरा-वीस माणसं डोळे मिटून बसली होती. थेंब घालून झाले होते. मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या.

“आज आम्ही काय करायचं म्हणता? पेशंटना गाणी म्हणून दाखवू?”

“डिस्क गेलीय मॅडम. पण बॅकअप आहे. काळजी करू नका.”

“मी काळजी करत नाहीये. मी वाट बघतेय.”

जिन्याखालच्या कपाटाजवळ स्टूल घेऊन मी लॅपटॉप उघडला. बॅकअप जिथे साठतो त्या दुसऱ्या मशीनला जोडून कालच्या प्रतीची यादी मागितली. उत्तर लगेच आलं. इतकं लगेच येण्यासारखं ते नव्हतं. यादीत एकच ओळ होती. फायली एक, आकार शून्य.

मला वाटलं, तारीख चुकली. परवाची प्रत मागितली. एक फाइल, शून्य. त्याच्या आदल्या दिवशीची. एक फाइल, शून्य. मी मागे मागे जात राहिले. फेब्रुवारीअखेरची प्रत, जानेवारीची, डिसेंबरची. सगळीकडे तेच. शेजारच्या खोलीत काका कुणाला तरी सांगत होते, “आजोबा, दहा मिनिटं अजून. बॅकअप आहे, ताईंनी सांगितलंय.”

नक्की काय झालं होतं ते कळायला मला चार-पाच मिनिटं लागली असतील. दिवाळीच्या सुट्टीत दवाखाना बंद होता, तेव्हा मी फोटो जुन्या भरलेल्या डिस्कवरून नव्या मोठ्या डिस्कवर हलवले होते. फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर जुन्याच जागी फोटो शोधायचं, म्हणून त्या जागी मी एक लिंक ठेवली, ‘फोटो आता तिकडे आहेत’ एवढंच सांगणारी. सॉफ्टवेअरला ते समजलं. बॅकअपच्या प्रोग्रामला नाही. तो लिंकच्या मागे जात नाही. तो लिंकच तेवढी उचलून जपून ठेवतो. म्हणजे पाच महिने रोज पहाटे त्याने ती एक लिंक बघितली, ती बदललेली नाही याची खात्री केली आणि काम झालं म्हणून कळवलं. त्याच्या बाजूने ते खरंच होतं. जुनी डिस्क मी तेव्हाच पुसून भंगारात दिली होती.

खरी चूक त्याच्याही आधीची आहे, आणि ती पूर्णपणे माझी आहे. तो प्रोग्राम काम संपलं की सात-आठ ओळी छापतो: नव्या फायली किती, बदललेल्या किती, एकूण किती डेटा पाहिला, किती वेळ लागला. माझी स्क्रिप्ट त्या ओळी वाचून मला एक वाक्य पाठवायची. सुरुवातीला मी ‘नव्या फायली’ची ओळसुद्धा वाचत होते. आकडा शून्य असेल तर मला आणि मॅडमना दोघींनाही सूचना जायची. पण रविवारी दवाखाना बंद, म्हणजे सोमवारी पहाटे शून्य. गणपतीत शून्य. मॅडम परगावी गेल्या की शून्य. एका सोमवारी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, “अहो, रविवारी आम्ही कुणाचे फोटो काढावेत अशी तुमच्या मशीनची अपेक्षा आहे?” मी हसले आणि त्याच दिवशी ती अट काढून टाकली. सुट्ट्यांचे वार वगळायला अर्धा तास लागला असता. मी एक ओळ पुसली. मग स्क्रिप्ट फक्त ‘एरर’ हा शब्द शोधायची. तो सापडला नाही की सगळं ठीक.

सगळ्या ओळी लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजच्या नोंदीत, होत्या. नव्या शून्य, बदललेल्या शून्य, एकूण डेटा शून्य. रोजच्या रोज. कुणी वाचल्या नव्हत्या इतकंच.

यादी अगदी तळापर्यंत नेली तेव्हा ऑक्टोबरअखेरची एक प्रत दिसली. तिचा आकार मोठा होता. मी उघडून बघितली. फोटो होते, गेल्या बावीस वर्षांतले सगळे, ऑक्टोबरपर्यंतचे. मासिक प्रती सहाच ठेवायच्या आणि त्याहून जुन्या पुसायच्या, असा हुकूम मीच लिहून ठेवला होता, आणि ती पुसापुशी दर एक तारखेला होते. मार्च संपायला चार दिवस होते. मंगळवारी पहाटे ती प्रत पुसली गेली असती आणि साडेसहाला मला मेसेज आला असता: चुका शून्य.

मी आधी ती पुसापुशी बंद केली. तो एवढासा हुकूम तीनदा चुकला. मग केबिनचं दार वाजवलं.

मॅडम एका बाईंचा डोळा तपासत होत्या. मी म्हटलं, “दोन मिनिटं बोलायचंय. बाहेरचं कुणी नको.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बाईंना बाहेर बसवलं.

मी उभ्यानेच सांगितलं. लिंक, स्क्रिप्ट, काढून टाकलेली अट, सगळं. ऑक्टोबरपर्यंतचं आहे, नोव्हेंबरपासूनचं फक्त त्या डिस्कवर आहे. सांगताना माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं की तुम्हीच सूचना नको म्हणाला होतात. ते मी बोलले नाही. त्याचं श्रेय मी घेत नाही. त्याआधीच मॅडम बोलल्या.

“म्हणजे मगाशी तुम्ही मला बॅकअप आहे म्हणालात, ते न बघता म्हणालात,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“बरं. आता काय करता येतं, ते सांगा. बाकीचं नंतर.”

डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या एका माणसाला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, डिस्क पुन्हा चालू करू नका, पाठवून द्या. दोन-तीन आठवडे लागतील, किती निघेल सांगता येत नाही. चालू कराल तर मिनिटं मोजूनच चालेल, आणि जास्त बिघडू शकते.

मॅडमनी स्पीकरवर ते ऐकलं. “तीन आठवडे थांबू न शकणारे पेशंट आहेत माझ्याकडे. काहींचं इंजेक्शन आजच ठरवायचंय. निवडक काढता येतील?”

“प्रयत्न करता येईल. नक्की नाही.”

“मग यादी देते. आज लागणारे आधी, मग या आठवड्यातले.” त्यांनी अपॉइंटमेंटची वही ओढली. “दहा मिनिटं द्या.”

त्या दहा मिनिटांत मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं. मी कपाटापाशी गेले, ती बिघडलेली डिस्क लॅपटॉपला जोडली, फक्त वाचण्यापुरती उघडली. ती फिरू लागली, दोनदा टक्‌ टक्‌ झालं, मग फोल्डरांची यादी दिसली. यादी चालते का ते बघून डिस्क पुन्हा बंद करायची आणि मॅडमच्या कागदाची वाट बघायची, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या बोटांनी एक नंबर टाइप केला. तो आईचा होता. मी विचार करून केलं असं म्हणवत नाही, आणि न कळत झालं असंही नाही. नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. तीन वेळचे फोटो, दीड मिनिटात उतरले. मागे काका उभे होते. त्यांना सगळ्यांचे नंबर पाठ आहेत. मी डिस्क बंद केली.

मॅडमची यादी आली. प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे एकोणीस नंबर. आईचा त्यात नव्हता. तिची पुढची तारीख मेमध्ये होती.

काका नंबर वाचू लागले, मी टाइप करू लागले. पहिला सरळ आला. दुसरा आला. तिसऱ्याला डिस्क अडखळली, किती उतरलं ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ थांबली आणि काकांनी कपाटाचं दार घट्ट धरलं. मग रेघ पुढे सरकली. चौथा, पाचवा. प्रत्येक फोल्डर आलं की काका त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन फोटो खरंच उघडतोय का ते बघून यायचे आणि दारातूनच “आहे” म्हणायचे. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच सुरू केलं. माझ्या सांगण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि ते बरोबरच होतं.

नवव्याचे अर्धेच फोटो आले. अकराव्याला सात मिनिटं गेली. मी स्क्रीनकडे बघतच नव्हते, फक्त आवाज ऐकत होते. बाहेर कुणीतरी “अजून किती वेळ?” विचारत होतं आणि मॅडमचा आवाज येत होता, “मशीन आजारी आहे. तुम्हाला आजारपणाची सवय आहे, तिला नाही.”

चौदावा आला. काका “आहे” म्हणाले. मी पंधरावा टाइप केला. आवाज एकदम पातळ झाला, शिट्टीसारखा, आणि बंद पडला. फिरणं थांबलं. मी वायर काढली.

“पाच राहिले,” काका म्हणाले.

“हो.”

“ज्यांचे फोटो आले त्यातले पाच-सहा जण बाहेर बसलेत, ते आता बघता येतील. मी आत जातो.” आणि ते खरंच आत गेले, कारण थेंबांचा असर उतरायच्या आत फोटो काढायला हवे होते.

दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी मॅडमना आईच्या नंबराबद्दल सांगितलं. काका गप्प राहिले असते, हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगावंसं वाटलं. त्या हात धूत होत्या.

“आधी काढलेत?”

“हो. दीड मिनिट गेलं असेल. त्यात एखादा पेशंट आला असता.”

त्यांनी नळ बंद केला. “आला असता किंवा नसता. ते आता तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. मी माझ्या घरच्यांचे डोळे कधी तपासत नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते. का, ते आता तुम्हाला समजलं असेल.” मग टॉवेल जागेवर लावत म्हणाल्या, “त्या पाच जणांना फोन तुम्ही करायचा. रिसेप्शनवरून नाही. काय झालं ते सांगायचं आणि पुन्हा फोटोला बोलवायचं.”

मी संध्याकाळीच फोन करायला बसले. दोघांना फारसं काही वाटलं नाही. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीकडे फोन दिला. मुलीने मला चांगलंच सुनावलं. चौथा नंबर लागला नाही, दुसऱ्या दिवशी लागला. पाचवे खडकवासल्याजवळ राहणारे एक निवृत्त गृहस्थ होते.

“म्हणजे माझा डोळा तुमच्याकडून हरवला,” ते म्हणाले.

“जानेवारीचे फोटो हरवले. चूक माझी आहे.”

“डोळा माझ्यापाशीच आहे, हे माझं नशीब. उद्या येतो. तुम्ही असाल का तिथे? चूक कशी दिसते ते बघायचंय.”

घरी आईने माझ्याकडे बघून विचारलं, “काहून गप्प बसली वं? जेवली नाहीस दुपारपासून.” मी तिला सगळं सांगितलं, तिच्या नंबराचंसुद्धा. “माह्या डोयासाठी कोणाचा जायला नको होता,” एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल.

शुक्रवारी ते गृहस्थ आले. थेंब घातल्यावर काकांच्या अंधाऱ्या खोलीत मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना धड दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. “तुम्हीच का?” मी हो म्हटलं. “आवाज लहान आहे,” ते म्हणाले आणि हनुवटी मशीनवर टेकवली.

मॅडमनी नवा फोटो त्यांच्या सप्टेंबरच्या फोटोशेजारी ठेवला. तो ऑक्टोबरच्या प्रतीतून आला होता. डाव्या डोळ्यात मध्यावर सूज होती, सप्टेंबरमध्ये नव्हती. जानेवारीत नुसती सुरुवात होती एवढं मॅडमच्या नोंदीत होतं. ती तेवढीच आहे, वाढतेय की उतरतेय, हे मधला फोटो असता तर कळलं असतं. मग त्यांनी गृहस्थांना तसंच सांगितलं, एक शब्दही मऊ न करता, आणि विचारलं, “इंजेक्शन द्यावं असं मला वाटतं. कदाचित लागणारही नाही. तुमचं काय म्हणणं?”

“तुम्ही द्या,” ते म्हणाले. “मी या बाईंच्या मशीनसारखा शून्य धरून बसत नाही.”

इंजेक्शन दिलं. पुढे त्यांची सूज उतरली. मी मॅडमना विचारलं, त्या दिवशी ते लागणारच होतं का. त्या म्हणाल्या, “माहीत नाही. आणि तुम्ही परत विचारू नका, कारण उत्तर तेच येईल.”

डिस्क वीस दिवसांनी परत आली. नोव्हेंबर ते मार्चमधले बहुतेक फोटो निघाले, थोडे अर्धवट, काही मुळीच नाहीत. खडकवासल्याच्या गृहस्थांचा जानेवारीचा फोटो त्या न निघालेल्यांत आहे. मॅडमनी मला काढून टाकलं नाही. काढून टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं, असं मला त्या महिन्यात बरेचदा वाटलं.

स्क्रिप्ट मी पुन्हा लिहिली. आता ती ‘एरर’ शब्द शोधत नाही. ती एकूण किती डेटा पाहिला तो आकडा काढते आणि कालच्या आकड्याशी ताडते. कमी झाला तर काम थांबवते आणि मला फोन वाजवून उठवते. पण मॅडमना तेवढं पुरत नाही. दर सोमवारी सकाळी काका मनाला येईल तो एक नंबर सांगतात, आणि मला बॅकअपमधून त्या पेशंटचा फोटो त्यांच्यासमोर उघडून दाखवावा लागतो. काका तो नीट बघतात. चष्मा कपाळावर चढवून, रक्तवाहिन्या मोजल्यासारखे.

गेल्या सोमवारी त्यांनी बावीस वर्षांपूर्वीचा एक नंबर सांगितला. फोटो उघडायला चार-पाच सेकंद लागले. ती बाई आता हयात नाही, असं काका म्हणाले. मग पुढचा पेशंट आला म्हणून त्यांनी मला उठवून खुर्ची रिकामी केली.